फळ न धरलेल्या बागेचा भाव: तोट्यातल्या कंपनीची किंमत शेअर बाजार कशी ठरवतो

नागपूरच्या इतवारीतल्या एका काकांच्या स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाला गेल्या वर्षी तीन लाखांचा तोटा झाला. समोरचा रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून सात महिने खोदून ठेवला होता. लग्नसराईचं गिऱ्हाईक खड्डा ओलांडून येणार कसं? बँकेने ताळेबंद पाहिला आणि कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी हवे तेव्हा उचलायच्या कर्जाची, लिमिट कमी केली. काका कागदांची पिशवी घेऊन माझ्या सीताबर्डीच्या ऑफिसात आले, तेव्हा टेबलावर पेपर पडला होता. त्यात बातमी होती की आणखी एक तोट्यातली कंपनी शेअर बाजारात येतेय, किंमत हजारो कोटींची.

काकांनी बातमीवर बोट ठेवलं. "आता हे सांग मले. माह्या दुकानाले तीन लाखाचा तोटा झाला तं बँकवाल्यानं लिमिट कापली. हे लोकं शेकडो कोटीचा तोटा करून राहिले, अन् त्याइले पब्लिक रांगेत उभी राहून पैसे देऊन राहिली. हे कोणतं गणित होय बाप्पा?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या काकांचा नाही. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये बाजारात आली. त्याआधीच्या वर्षात तिची विक्री सुमारे २,००० कोटी रुपयांची आणि तोटा ८१६ कोटींचा होता. ७६ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ११५ च्या वर उघडला आणि कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटींच्या पार गेलं. (बाजारमूल्य म्हणजे एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.) त्या दिवशी मलाही हे अजबच वाटलं होतं, आणि माझं तर पोटच हिशेबांवर आहे.

## बँकेचा चष्मा आणि भागीदाराचा चष्मा

काकांच्या दोन गोष्टींत आधी एक गाठ सोडवायला हवी. बँक कर्ज देते, शेअर घेणारा भागीदारी घेतो. दोघांचे पैसे एकाच धंद्यात असले तरी नजर वेगळी असते.

समजा बँकेने काकांना २० लाख दिले. धंदा कितीही फळफळला, काकांनी धरमपेठेत, मानेवाड्यात, वर्धा रोडवर दुकानं काढली, तरी बँकेला मिळणार २० लाख आणि व्याज. धंदा बुडाला तर मात्र मुद्दलच जाणार. वर काही मिळायचं नाही आणि खाली सगळं जायचं, म्हणून बँक विचारते, यंदा हप्ता सुटेल का? तिच्यासाठी यंदाचा तोटा हीच मोठी बातमी.

भागीदार धंद्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांतला वाटा विकत घेतो. चार दुकानं निघाली तर चारही दुकानांत त्याचा हिस्सा. यंदाचा तोटा त्याच्या लेखी वहीतलं एक पान आहे. शिवाय कंपनीचा भागीदार असण्यात एक सोय आहे: कंपनी बुडाली तर लावलेले पैसे जातात, त्यापलीकडे घरावर कोणी जप्ती आणत नाही. शेअरचा भाव शून्याच्या खाली जात नाही, वर जायला मात्र मर्यादा नाही.

## काटोलकडची तीन वर्षांची बाग

नागपूरच्या माणसाला हे समजायला शेअर बाजाराची गरज नाही. आपल्याकडे तोट्यातल्या धंद्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या ठरत आली आहे, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

माझ्या मामांनी काही वर्षांपूर्वी काटोलकडची चार एकरांची संत्र्याची बाग विकली. झाडं तीन वर्षांची होती. संत्र्याला विकण्याजोगं फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर खड्डे, कलमा, शेणखत, ठिबक, फवारणी, राखण असा सगळा खर्चच. मधल्या जागेत सोयाबीन नाहीतर हरभरा घ्यायचा, त्यातून मजुरी सुटली तरी पुष्कळ. वही मांडली असती तर सलग तीन वर्षं तोटा दिसला असता. तरी गिऱ्हाईक आलं.

घेणाऱ्याने सोबत एक म्हातारेबुवा आणले होते. ते बोलले जवळजवळ काहीच नाहीत. एका झाडापाशी उकिडवे बसले, बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली, डोळा भरलेल्या जागेखालची साल नखाने खरवडून पाहिली. डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून झाड खंगवणारा रोग, लागलाय का, ते बघत होते. असं वीसेक झाडांपाशी केलं. मग नांग्या, म्हणजे झाड मेलेल्या रिकाम्या जागा, मोजल्या: एकरी ११० च्या हिशेबाने किती झाडं हवी होती आणि किती उभी आहेत. शेवटी विहिरीवर गेले आणि एकच विचारलं, "मे महिन्यात मोटर किती वेळ चालते?" मामांचा आतापर्यंतचा खर्च किती झाला, हे त्यांनी विचारलंच नाही. मामाच तो सांगायला उतावीळ होते.

सौदा झाला तो कोरडवाहू जमिनीच्या भावापेक्षा बराच वर आणि फळत्या बागेच्या भावापेक्षा बराच खाली. पैसे मोजले गेले ते अजून न आलेल्या बहारांचे. अडचणी वजा करून.

बाजार तोट्यातल्या कंपनीकडे असाच बघतो. झाडं म्हणजे तिची गिऱ्हाइकं. नांग्या म्हणजे सोडून गेलेली गिऱ्हाइकं. मे महिन्यातलं पाणी म्हणजे बँकेतली रोकड: दर महिन्याला इतका खड्डा पडत असेल, तर फळ धरेपर्यंत ती पुरेल का? आणि डिंक्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे.

## तोटा लागवडीचा की डिंक्याचा?

आधी हिशेबातली एक गंमत. भारतातल्या मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या लेखांकनाच्या नियमांत फळबाग ही मालमत्ता धरतात. लागवडीचा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून एकदम वजा होत नाही. झाड फळायला लागलं की तो वर्षावर्षाने थोडाथोडा टाकतात. सिमेंटच्या कारखान्याचंही तसंच: ५०० कोटींची भट्टी उभारली तरी त्या वर्षी ५०० कोटींचा तोटा दिसत नाही.

पण एखाद्या अ‍ॅपवाल्या कंपनीने नवी गिऱ्हाइकं मिळवायला ५०० कोटींच्या जाहिराती आणि कूपनं वाटली, तर तो सगळा खर्च त्याच वर्षी तोट्यात जाऊन बसतो. ती गिऱ्हाइकं पुढची दहा वर्षं टिकोत की न टिकोत. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कूपनवर आलेलं गिऱ्हाईक ही भट्टी नव्हे. उद्या दुसऱ्याचं कूपन दिसलं की ते उठून जाईल. पण यामुळे होतं असं की दोन कंपन्यांचा तोटा सारखाच दिसतो आणि आतून एक लागवड असते, दुसरी रोग.

ओळखायचं कसं? एक ऑर्डर हातात घेऊन बघायची. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा तुम्ही घरबसल्या ४०० रुपयांचं सावजी मागवलं. कंपनीला हॉटेलकडून ८० रुपये कमिशन, तुमच्याकडून ३० रुपये डिलिव्हरीचे, हॉटेलच्या जाहिरातीचे १५ रुपये मिळाले. एकूण १२५. त्यातून डिलिव्हरीवाल्या पोराला ५० दिले, तुम्हाला २५ ची सूट दिली, पेमेंट आणि तक्रार निवारणावर १५ गेले. एकूण ९०. उरले ३५. या एका ऑर्डरच्या जमाखर्चाला धंद्यातली मंडळी 'युनिट इकॉनॉमिक्स' म्हणतात.

ऑफिस, इंजिनिअर, टीव्हीवरच्या जाहिराती हा खर्च ऑर्डर एक असो वा एक कोटी, फारसा हलत नाही. तो वर्षाला १०० कोटी धरा. वर्षात एक कोटी ऑर्डरी झाल्या तर ३५ कोटी उरले, तोटा ६५ कोटी. चार कोटी ऑर्डरी झाल्या तर १४० कोटी उरले, नफा ४० कोटी. धंदा तोच, फक्त झाडं वाढली. हा लागवडीचा तोटा.

आता सूट २५ च्या जागी ७० रुपयांची करा. प्रत्येक ऑर्डरमागे १० रुपये खिशातून जातात. एक कोटी ऑर्डरींना तोटा ११० कोटी आणि चार कोटींना १४० कोटी. जितका धंदा वाढेल तितकं भोक मोठं. हा डिंक्या. खत घातल्याने तो बरा होत नाही.

पेपरात दोन्ही बातम्या सारख्याच छापून येतात: 'अमुक कंपनीचा तोटा वाढला'.

## दहा वर्षांनंतरचे शंभर रुपये आज किती?

बाग सुदृढ आहे हे पटलं. पण फळ उशिरा येणार, आणि उशिरा येणाऱ्या पैशाची किंमत कमी असते. भिशी लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. पहिला नंबर लागलेली आणि शेवटचा नंबर लागलेली, दोघींना रक्कम सारखी मिळाली तरी फायदा सारखा नसतो.

दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज किती मोलाचे? बिनधोक ठेवीत ७ टक्के मिळत असतील तर सुमारे ५१ रुपये, कारण आज ५१ ठेवले की दहा वर्षांत त्यांचे १०० होतात. पण धोक्याच्या धंद्यात कोणी ७ टक्क्यांवर पैसे घालणार नाही. १२ टक्के हवे असतील तर त्याच शंभराचे आज ३२ होतात, १५ टक्के हवे असतील तर २५ च्या आतच. या टक्केवारीला सवलत दर म्हणतात.

यातून एक कोडं सुटतं. पुढच्याच वर्षी १०० रुपये देणाऱ्या धंद्याची किंमत दर ७ वरून १२ झाला तर ९३ वरून ८९ वर येते, म्हणजे जेमतेम ओरखडा. दहा वर्षांनी देणाऱ्याची मात्र ५१ वरून ३२ वर घसरते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, अमेरिकेतही व्याजदर झपाट्याने चढले. त्या सुमारास जगभर नव्या जमान्याच्या कंपन्यांचे शेअर जे गडगडले, त्यामागचं हे एक मोठं कारण. कंपन्यांत रातोरात काही बिघडलं असेलच असं नव्हतं. त्यांचं फळ लांब होतं आणि थांबण्याची किंमत वाढली होती.

## तीन भविष्यं, एक भाव

"पण फळ येईलच हे कोणाले माहीत?" काका म्हणाले. "गारपीट झाली तं?"

बाजारालाही माहीत नसतं. म्हणून तो एकाच भविष्यावर सगळा पैसा लावत नाही, सगळ्यांची सरासरी काढतो. समजा एका कंपनीपुढे दहा वर्षांनंतरची तीन चित्रं आहेत. २० टक्के शक्यता, की ती आपल्या क्षेत्रात एक नंबर होऊन १ लाख कोटींची होईल. ४० टक्के शक्यता, की बेताचा धंदा करत २०,००० कोटींवर राहील. ४० टक्के शक्यता, की बुडेल. शक्यतेच्या प्रमाणात बेरीज केली तर २०,००० अधिक ८,००० अधिक शून्य, म्हणजे २८,००० कोटी. १२ टक्क्यांनी आजवर आणली तर सुमारे ९,००० कोटी.

हा ९,००० कोटींचा आकडा तिन्ही चित्रांपैकी कशातच बसत नाही. कंपनी त्या भावाला साजेशी कधीच होणार नाही. एकतर खूप मोठी होईल, नाहीतर खूप लहान, नाहीतर मातीमोल.

आता एखादी बरी बातमी आली. प्रतिस्पर्ध्याने गाशा गुंडाळला. लोकांना वाटलं, एक नंबर होण्याची शक्यता २० नाही, ३० टक्के आहे, आणि बुडण्याची ४० ऐवजी ३०. बाकी सगळं तसंच. बेरीज होते ३८,००० कोटी, आजची किंमत सुमारे १२,२०० कोटी. एका बातमीत भाव ३६ टक्के वर! आणि यंदाच्या विक्रीत अजून एका रुपयाचा फरक नाही. अशा शेअरचे भाव तापलेल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखे उडतात ते यामुळे.

## विक्रीच्या पन्नास पट म्हणजे काय चेष्टा आहे?

नफ्यातल्या कंपनीसाठी लोक साधं माप वापरतात: शेअरचा भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट. नफाच नसेल तर हे माप लागू होत नाही. मग बाजार विक्रीवर येतो, बाजारमूल्य विक्रीच्या किती पट हे पाहतो आणि शेजारपाजारच्या कंपन्यांशी ताडून बघतो.

हे आपल्या लेआउटच्या भावासारखं आहे. रिकाम्या प्लॉटला भाडं येत नाही. तरी विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाचं नाव निघाल्यापासून वर्धा रोडच्या बाजूला चौरस फुटाचे भाव कसे बोलले गेले, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. शेजारच्या लेआउटमध्ये इतका गेला, मग आपलाही इतका. काहींचं सोनं झालं, काहींच्या प्लॉटवर अजून गाजरगवत डोलतंय. या पद्धतीचा दोष हाच, की शेजाऱ्याचाच भाव खुळ्यासारखा असेल तर आपलाही तसाच ठरतो.

झोमॅटोचा पहिल्या दिवशीचा भाव विक्रीच्या सुमारे पन्नास पट होता. हा आकडा पचवायची माझी पद्धत उलटी आहे. भाव योग्य की अयोग्य असं विचारण्याऐवजी मी विचारतो, हा भाव खरा ठरायला पुढे काय घडावं लागेल? आज १ लाख कोटी देणाऱ्याला वर्षाला १२ टक्के हवे असतील तर दहा वर्षांनी कंपनी सुमारे ३.१ लाख कोटींची व्हायला हवी. तेव्हा बाजार तिला नफ्याच्या ३० पट भाव देईल असं धरलं, तर तिला वर्षाला १०,००० कोटींहून थोडा अधिक नफा लागेल. आता प्रश्न ओळखीचा झाला: भारतात जेवण पोचवून वर्षाला एवढा नफा कमावता येईल का? यावर काकाही मत देऊ शकतात, आणि त्यांनी दिलंही. ते इथे छापण्याजोगं नाही.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. वर्षभरात शेअर चाळिशीपर्यंत आला. २०२३-२४ मध्ये कंपनीने पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला: ३५१ कोटी. तरी २०२४ मध्ये बाजारमूल्य २ लाख कोटींच्या वर गेलं आणि त्याच डिसेंबरात शेअर सेन्सेक्समध्ये दाखल झाला. ३५१ कोटींसाठी कोणी एवढे देत नाही. मध्ये २०२२ साली तिने मिनिटांत किराणा पोचवणारी ब्लिंकिट विकत घेतली होती, आणि लोक त्या धंद्याचे बहार मोजायला लागले होते. जुन्या बागेच्या धुऱ्यापलीकडे नवी लागवड.

## वाटा पातळ होतो तो कसा

ब्लिंकिटची खरेदी मुख्यतः रोख पैशांत झाली नाही, शेअर देऊन झाली. तोट्यातल्या कंपनीकडे बघताना बरेच जण हीच गोष्ट विसरतात. नफा नसलेल्या कंपनीला पैसे लागले की ती नवे शेअर काढते. मामांच्या बागेत समजा तुमचा चार आण्यांचा वाटा आहे. पाण्याला पैसे नाहीत म्हणून मामांनी आणखी एक वाटेकरी घेतला. बाग तेवढीच, तुमचा वाटा चार आण्यांवरून तीन आण्यांवर आला. बाग पुढे फळलीही, पण तुमच्या टोपलीत अपेक्षेपेक्षा कमी संत्री पडली.

याच्याच जोडीची दुसरी खोड म्हणजे 'अ‍ॅडजस्टेड' नफा. कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग शेअरच्या रूपात द्यायचा आणि मग तो खर्च बाजूला काढून 'तो सोडला तर आम्ही नफ्यात आहोत' असं सांगायचं. रोकड गेली नाही हे खरं. पण वाटा तर गेला, आणि तो तुमच्या टोपलीतूनच गेला. माझ्या क्लायंटने मला 'नोकरांचा पगार सोडला तर मी नफ्यात आहे' असं सांगितलं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवीन.

## भाव निम्मा झाला, मग पैसे गेले कुठे?

बातमी येते, 'गुंतवणूकदारांचे हजारो कोटी बुडाले'. वाटतं, कोणीतरी ते उचलून नेले. बाजारमूल्य ही तिजोरीतली रक्कम नसते. शेवटचा सौदा ज्या भावाने झाला, त्याने सगळे शेअर गुणले की तो आकडा येतो. तुमच्या गल्लीतला एक फ्लॅट कोणी हौसेने ९० लाखांना घेतला, की बाकीचे एकोणीस फ्लॅटवाले मनातल्या मनात श्रीमंत होतात, तसंच.

सुरुवातीच्या काळात बाजारात फिरणारे शेअर थोडेच असतात. आधीपासूनच्या मोठ्या गुंतवणूकदारांना काही काळ विकायची बंदी असते, तिला लॉक-इन म्हणतात. झोमॅटोची एक वर्षाची बंदी जुलै २०२२ मध्ये उठली आणि त्यानंतरच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी शेअर ११ टक्क्यांनी आपटला. कळमन्याच्या बाजारात आवक वाढली की संत्र्याचं जे होतं, तेच.

## मग सेबी हे चालू कसं देते?

काकांना हा प्रश्न फार लागला होता. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दार उघडं ठेवलंय, पण उंबरा उंच केलाय. ज्या कंपनीचा मागच्या तीन वर्षांचा सरासरी कामकाजी नफा १५ कोटींचा नाही, तिला वेगळ्या वाटेने यावं लागतं. तिथे किमान ७५ टक्के शेअर म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्थांना द्यावे लागतात, आणि ते त्यांनी घेतले नाहीत तर शेअरविक्रीच रद्द होते. तुमच्या-आमच्यासारख्या किरकोळ गुंतवणूकदारांना जास्तीत जास्त १० टक्के. नेहमीच्या शेअरविक्रीत हा हिस्सा किमान ३५ टक्के असतो. भाव मान्य करण्याचं काम पट्टीच्या परीक्षकांवर टाकलंय, ते म्हातारेबुवा सोबत आणल्यासारखं.

या बंदोबस्तात एक मोठं भोक आहे. लिस्टिंग झाल्यावर, म्हणजे शेअर बाजारात आल्यावर, तोच शेअर कोणीही, कितीही, कुठल्याही भावाने घेऊ शकतो.

## "म्हणजे हा जुगारच ना?"

कधी कधी, हो. अ‍ॅमेझॉन १९९७ मध्ये अमेरिकी बाजारात आली आणि तिचा पहिला पूर्ण वर्षाचा नफा २००३ मध्ये आला. मधल्या काळात शेअर शंभर डॉलरच्या वरून सहा डॉलरच्या आसपास येऊन गेला. ज्यांनी धीर धरला त्यांची गोष्ट सगळे सांगतात. पाळीव प्राण्यांचं खाद्य ऑनलाइन विकणारी पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आली आणि त्याच नोव्हेंबरात बंद पडली. त्या कंपनीत खुद्द अ‍ॅमेझॉनचे पैसे होते. म्हणजे बाग ओळखण्यात तिथले बागाईतदारही चुकले.

आपल्याकडे पेटीएम नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना आली, १८,३०० कोटींची तेव्हाची देशातली सर्वांत मोठी शेअरविक्री, आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली गेली. इथे मोठ्या संस्थांनीही शेअर घेतले होते, हे विसरू नका. पुढे जानेवारी २०२४ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने तिच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि भाव आणखी कोसळला. डिंक्या साल खरवडून दिसतो, गारपीट दिसत नाही.

ज्याला मी निखळ जुगार म्हणेन तो वेगळाच. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. मधली पाच वर्षं तिचे शेअर बाजारात विकले जात होते. 'फक्त काही रुपयांना मिळतोय' म्हणून घेणारे मला माझ्या ओळखीत भेटलेत. दिवाळखोरीत भागीदाराचा नंबर बँका, कामगार, सरकार या सगळ्यांच्या मागे असतो. झाड वाळलेलं आहे हे दिसत असताना सरपणाच्या भावात मिळतंय म्हणून बाग घेणं, आणि ते सरपणही दुसऱ्याच्या नावावर.

## काकांच्या दुकानाचा भाव

काका उठता उठता म्हणाले, "मंग माह्या दुकानाचा काय भाव येईल?"

मी कागद पुढे ओढला. यंदाचा तोटा खोदलेल्या रस्त्याचा होता आणि रस्ता आता झालाय, म्हणून ते वर्ष सोडलं. आधीची पाच वर्षं सरासरी बारा लाखांचा नफा. वाढ नाही, घटही नाही. पोरगा पुण्यात नोकरीला, दुसरं दुकान निघायची शक्यता शून्य. दरवर्षी बारा लाख मिळणार आणि घेणाऱ्याला बारा टक्के हवेत, तर एक कोटी.

काकांनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् ज्या जागेत दुकान हाय, तिचे दीड कोटी देतो म्हणून परवाच एक जण येऊन गेला."

"मग दिलं का?"

"काहून देऊ? बाजूचा पावणेदोन सांगून राहिला ना."

पिशवी काखेला मारून ते जिना उतरले. त्यांच्या लिमिटचं पत्र बँकेला मी त्याच संध्याकाळी लिहिलं. सोबत जुन्या पाच वर्षांचा नफा, खोदलेल्या रस्त्याचा फोटो आणि झालेल्या रस्त्याचा फोटो.